दूध टाकणाऱ्या अर्भकाची दिवसाची झोप

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीचे नाव औद्योगिक इतिहासात १९१५ साली आले. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पावसाचे पाणी नळांवाटे खाली आणून येथे वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवली जाऊ लागली. त्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्रीडॉक्टरांनी मुंबई सरकारच्या वतीने केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील एक आकडा पुढे अनेक अभ्यासकांनी उद्धृत केला आहे. कामगार स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात असे. ‘बाळागोळी’ या नावाने ती सहज विकत मिळे. यात मातांची निष्ठुरता पाहणे अन्यायाचे होईल. दिवसभर गिरणीत राहावे लागणाऱ्या स्त्रीची मजुरी तिच्या बाळाच्या दिवसाच्या झोपेवर अवलंबून होती, आणि ती झोप आणण्याचा दुसरा उपाय तिच्या हाती नव्हता.

अफूची ती चाल मागे पडली. परंतु बाळाच्या दिवसाच्या झोपेचा प्रश्न संपलेला नाही. खोपोली व खालापूरच्या परिसरात पाळ्यांवर चालणारे कारखाने आहेत. रात्रपाळी करून आलेला मनुष्य ज्या खोलीत दिवसा झोपतो, त्याच खोलीत बाळालाही निजवावे लागते. बाळ रडले की दोघांचीही झोप मोडते. त्यातून बाळ दूध टाकणारे असेल, तर पाजून खाली ठेवताच ते वळवळते, गुळणी टाकते व जागे होते. मग कोणी त्याला झोळीत घालते, कोणी डोक्याखाली उशी देते, तर कोणी कुशीवर किंवा पालथे निजवते. या उपायांपैकी कोणता शास्त्राला धरून आहे व कोणता धोक्याचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दूध परत का येते

अन्ननलिका जेथे जठरास मिळते, तेथे वळ्याच्या आकाराचा एक परिसंकोची स्नायू असतो. घास किंवा घोट खाली जाताना तो सैल होतो व नंतर आवळला जातो. मोठ्या माणसातही तो अधूनमधून क्षणभर विनाकारण सैल पडतो. परंतु अर्भकाच्या बाबतीत तीन गोष्टींची त्यात भर पडते. त्याचा आहार सर्वस्वी द्रवरूप असतो, शरीराच्या मानाने तो पुष्कळ असतो, आणि त्याची अन्ननलिका आखूड असल्याने जठरातून वर आलेल्या दुधाला तोंडापर्यंत पोहोचण्यास फारसे अंतर कापावे लागत नाही. शिवाय अर्भकाचा बहुतेक वेळ आडवे राहण्यात जातो. या सर्वांचा परिणाम म्हणजे दुधाची गुळणी. तो रोग नसून वाढीची एक अवस्था होय.

ही अवस्था किती सामान्य आहे, हे अमेरिकेतील शिकागोच्या परिसरात झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून दिसून येते. तीन महिन्यांपर्यंतच्या अर्भकांपैकी निम्मी दिवसातून निदान एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ पर्यंत गेले होते. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत मात्र ते शेकडा ५ वर आले होते. बाळ बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, अन्ननलिका लांबते, आणि त्याबरोबर गुळण्या आपोआप थांबतात. सारांश, दूध टाकूनही जे बाळ अंग धरते, खेळते व हसते, त्याला औषधाची गरज नसते. गरज असते ती काळाची आणि योग्य हाताळणीची.

उताणे निजवण्याची भीती

उताणे निजलेल्या बाळाने झोपेत दूध टाकले, तर ते श्वासनलिकेत जाऊन बाळ गुदमरेल, ही भीती घरोघरी आढळते. ती केवळ आपल्याकडील आज्यांचीच होती असे नाही. पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकात मान्यवर बालसंगोपनग्रंथांतून याच कारणास्तव अर्भकांना पालथे निजवण्याचा सल्ला देण्यात आला आणि लक्षावधी मातांनी तो प्रमाण मानला. पुढे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून असे निष्पन्न झाले की, झोपेत अकस्मात मृत्यू पावणाऱ्या अर्भकांत पालथ्या निजणाऱ्यांचेच प्रमाण फार मोठे आहे. १९९१ साली ब्रिटनमध्ये व १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याविषयी देशव्यापी प्रचार सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत अशा मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली, आणि उताणे निजल्यामुळे गुदमरून दगावणाऱ्या अर्भकांची संख्या वाढल्याचेही दिसले नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या अंगास व अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे असता श्वासनलिका वर व अन्ननलिका खाली येते. अशा वेळी परत आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरावयाचे झाल्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. तत्पूर्वीच बाळ ते गिळते अथवा तोंडावाटे बाहेर टाकते. पालथ्या बाळाच्या बाबतीत नेमके उलट घडते. अन्ननलिका वर व श्वासनलिका खाली येते, आणि परतलेले दूध श्वासमार्गाच्या तोंडाशी साचण्याचा संभव वाढतो. शिवाय निरोगी अर्भकास खोकून व गिळून श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची उपजत शक्ती असते. कुशीवर निजवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून तीही स्थिती सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा दूध टाकणाऱ्या बाळासही, दिवस असो वा रात्र, उताणेच निजवावे, हा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे.

झोळी, उशी आणि उतार

डोक्याकडची बाजू उंच केली तर दूध खालीच राहील, हे अनुमान वरवर पटण्याजोगे आहे. पण अनुभवास ते उतरलेले नाही. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दूध टाकणाऱ्या अर्भकांना कललेल्या आसनात बसवून अन्ननलिकेतील आम्लतेचे मापन करण्यात आले. तेव्हा असे आढळले की, आसनात बसवल्याने परतप्रवाह कमी न होता उलट वाढतो. कारण उघड आहे. अर्भकास आपले धड सावरता येत नाही. ते आसनात घसरून दुमडते, पोटावर दाब येतो व जठरातील दूध वर ढकलले जाते. मानही पुढे कलून हनुवटी छातीला टेकते व श्वासमार्ग अरुंद होतो. उतरत्या पृष्ठाच्या निद्रासनांत अर्भके दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत २०२२ साली कायदा होऊन, दहा अंशांहून अधिक उताराच्या अशा साधनांच्या विक्रीस बंदी घालण्यात आली.

लुगड्याच्या झोळीत बाळाच्या अंगाची घडी अशीच पडते. झोळीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. कर्जत-खालापूरच्या ठाकर व कातकरी वाड्यांत, शेताच्या बांधावर किंवा वीटभट्टीवर ती बाळाला ओल, किडामुंगी व विंचवापासून दूर ठेवते, आणि तिच्या झुलण्याने रडते बाळ शांतही होते. परंतु शांत करणे निराळे आणि तासन्‌तास निजवणे निराळे. कोणाची नजर असेपर्यंत झोळीचा आधार घ्यावा व झोप लागताच बाळास सपाट जागी ठेवावे, हे श्रेयस्कर होय. सपाट तळाचा लाकडी पाळणा, अथवा जमिनीवर चटई, तीवर पातळ परंतु न दबणारे अंथरूण आणि वरून मच्छरदाणी, एवढी सिद्धता पुरेशी आहे. डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, भोवती रचलेले लोड व दुलया यांची गरज नाही. बाळाचे तोंड त्यांत दबण्याचा मात्र धोका असतो. पोटाशी घट्ट बांधलेले दुपटे तर परतप्रवाहास साहाय्यच करते.

पहिला अर्धा तास

मग बाळ झोपावे कसे? या प्रश्नाचे उत्तर बाळास कशात ठेवावे याहून अधिक, ते केव्हा ठेवावे यात आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत सकाळचा क्रम ठरलेला असतो. तेल-पाणी करणारी बाई येते. मालिश, ऊन पाण्याचे स्नान, धुरी, त्यानंतर पाजणे आणि लगेच बाळाला गुंडाळून पाळण्यात ठेवणे. स्नानाने थकलेले बाळ या वेळी गाढ झोपते, असा अनुभव आहे. दूध टाकणाऱ्या बाळाच्या बाबतीत या क्रमातील शेवटचा सांधा तेवढा चुकतो. भरलेल्या पोटी ते आडवे होते व दूध गळ्याशी येऊन जागे होते. पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळास खांद्याशी उभे धरल्यास जठरातील हवा ढेकरेवाटे निघून जाते व दूध काही प्रमाणात पुढे सरकते. मालिश मात्र पाजण्यापूर्वीच व्हावी. भरल्या पोटावर हात फिरवू नये.

हा वेळ वाया जातो असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः झोपेच्या दृष्टीनेही तो आवश्यक असतो. पहिल्या काही महिन्यांत अर्भकाची झोप चंचल निद्रेने सुरू होते. पापण्यांखाली डोळे हलतात, ओठ चाळवतात, श्वास अनियमित असतो. या अवस्थेत खाली ठेवलेले बाळ चटकन जागे होते. काही वेळाने श्वास संथ होतो, हात-पाय सैल पडतात व शांत निद्रा लागते. २०२२ साली जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी एकवीस अर्भकांवर केलेले प्रयोग येथे उद्बोधक आहेत. रडत्या बाळाला घेऊन पाच मिनिटे संथ चालल्यास ते शांत होते व पुष्कळदा झोपते. त्यानंतर त्याला घेऊन पाच ते आठ मिनिटे बसून राहिल्यास आणि मग खाली ठेवल्यास ते जागे होण्याचा संभव कमी होतो, असे त्यांस आढळले. बाळ जागे होते ते अंथरुणाच्या स्पर्शाने नव्हे, तर धरणाऱ्याच्या अंगापासून सुटू लागल्याने, हेही त्यांनी नोंदवले.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, म्हणजे मार्ग स्पष्ट होतो. जठराला लागणारा अर्धा तास आणि झोप स्थिरावण्यास लागणारी मिनिटे एकाच वेळी पदरात पडतात. पाजावे, खांद्याशी धरून सावकाश येरझारा घालाव्यात, बाळ झोपल्यावर काही काळ स्वस्थ बसावे, आणि हात सैल पडल्याची खूण पाहून त्याला उताणे ठेवावे. ठेवताना आधी पाठ व मग डोके टेकवावे व आपला तळहात क्षणभर छातीवर राहू द्यावा. या कामी आईच हवी असे नाही. पाजून झाल्यावर बाळ आजीच्या, आत्याच्या वा बापाच्या खांद्यावर देता येते, आणि बाळंतिणीस तेवढीच विश्रांती मिळते. मात्र धरणाऱ्यास स्वतःलाच डुलकी येत असेल, तर बाळ दुसऱ्याकडे द्यावे किंवा सपाट अंथरुणावर ठेवावे. खुर्चीत बाळासह झोप लागणे अत्यंत धोक्याचे असते.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध गुळण्यांमुळे तोडू नये. वरचे दूध पिणाऱ्या बाळास एका वेळी फार पाजले जात असल्यास तेच थोडे थोडे विभागून द्यावे. १८५१ साली इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी प्रचारात आणलेले ग्राइप वॉटर आजही आपल्याकडे लोकप्रिय आहे. पण त्याने परिसंकोची स्नायू बळकट होत नाही. बाळगुटीचीही तीच गोष्ट, आणि ती मधात उगाळणे तर वर्षाच्या आतील बाळास अपायकारक ठरू शकते. धुरीच्या व तंबाखूच्या धुरापासून बाळास दूर ठेवावे. खोपोलीच्या दमट उन्हाळ्यात त्यास टोपी, मोजे व दुलईत गुंडाळून निजवू नये.

वैद्यकीय साहाय्य केव्हा घ्यावे

साध्या गुळणीची व रोगाची सीमारेषा ओळखण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे वजन. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी यांच्याकडे होणाऱ्या वजनाच्या नोंदी याच कामाच्या आहेत. बाळाचे वजन वाढत नसेल, ते पिण्यास नाकारत असेल किंवा पिताना कण्हत व अंग ताणत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. उलटी हिरवी असणे, तीत रक्त असणे, पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती दर वेळी जोराने लांब उडणे, पोट फुगणे, ताप व सुस्ती असणे, टाळू फुगणे, श्वास अडखळणे अथवा बाळ निळे पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेल्या उलट्याही साध्या समजू नयेत.

शतकापूर्वी मुंबईच्या कामगार मातेने बाळाची दिवसाची झोप अफूच्या गोळीने विकत घेतली, कारण बाळाला धरून बसण्यास तिच्यापाशी वेळ नव्हता. दूध टाकणाऱ्या बाळाला आजही मुख्यतः तोच हवा असतो: पाजल्यानंतरचा अर्धा तास आणि एक स्थिर खांदा. तो वेळ आईला एकटीने काढता येणे कठीण असते. घरातील सर्वांनी तो वाटून घेतला, तर झोळी, उशी व औषधाच्या बाटलीवाचूनही बाळ सपाट अंथरुणावर उताणे, निश्चिंतपणे झोपू शकते.