रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्ड पाहा

जुना संगणक मंदावला की नवा घेण्याऐवजी त्यातील एखादा भाग बदलावा, हा विचार शहाणपणाचाच. मात्र विकत आणलेला भाग स्लॉटमध्ये बसत नाही आणि दुकानदार फोडलेले पाकीट परत घेत नाही, असे अनेकदा घडते. हा भुर्दंड टाळायचा तर सुरुवात मदरबोर्डपासून करावी. कारण कोणता भाग चालेल, हे प्रामुख्याने तोच ठरवतो. त्याचा मॉडेल क्रमांक बहुधा बोर्डवरच छापलेला असतो. ‘सीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅममध्येही तो दिसतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावर या क्रमांकाने शोध घेतल्यास चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आणि रॅमची कमाल मर्यादा समजते.

डेस्कटॉपच्या डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही रॅमना २४० पिना असतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर-४ला तर २८८ पिना असतात. प्रोसेसरचे सॉकेट जुळले तरी जुना बायोस त्याला ओळखेलच असे नाही. ग्राफिक्स कार्ड घेताना पॉवर सप्लायची क्षमता आणि कॅबिनेटमधील जागा तपासावी.

त्या मानाने सॅटा हार्ड डिस्क काढून सॅटा एसएसडी बसवणे सोपे. जुन्या सॅटा बोर्डवर वेग थोडा कमी मिळतो, तरीही फरक जाणवतो.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी टीपीएम २.० आवश्यक आहे. ही सोय नसलेल्या संगणकावर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.