फॅन फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

पीसी जोडून झाला, बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, की आमच्या कामथडी गावातल्या घरात पहिला बेत ठरतो तो पुण्याला जाण्याचा. पार्ट पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले किंवा ऑनलाइन मागवलेले असतात, तेव्हा बिघाडही तिकडचाच माणूस शोधणार, असं सगळ्यांना वाटतं. मग कॅबिनेट दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून खेड शिवापूरचा टोलनाका आणि कात्रजचा बोगदा गाठायचा. हा प्रवास आधी टाळा, असं मी कळकळीने सांगेन. ग्राफिक्स कार्ड एका स्लॉटच्या आधाराने लटकलेलं असतं, जड कूलरचा भार मदरबोर्डवर असतो. गतिरोधकांच्या धक्क्यांनी धडधाकट बोर्डसुद्धा खराब होऊ शकतो. शिवाय नव्या पीसीत दोष बहुतेक वेळा पार्टमध्ये नसतोच, तो जोडणीत असतो आणि घरच्या टेबलावर सापडतो.

सगळ्यात पक्का गैरसमज असा : फॅन फिरतोय, लाइट लागलेत, म्हणजे करंट सगळीकडे पोचलाय आणि तरी डिस्प्ले नाही म्हणजे बोर्ड गेला. खरं तर फॅनला लागतो तो नुसता १२ व्होल्टचा पुरवठा. एसएमपीएस सुरू झाला की तो मिळतो, प्रोसेसर जागा असो वा नसो. प्रोसेसरसाठी बोर्डच्या वरच्या कडेला, बहुधा डाव्या कोपऱ्यात, ४ किंवा ८ पिनांचं वेगळं कनेक्शन असतं. २४ पिनांची मोठी केबल लावली की काम झालं असं समजून ते राहून जातं. तिथे हात पोचायलाही अवघड असतं. ते लावताना मात्र जपा : ग्राफिक्स कार्डची ८ पिनी केबल अगदी तशीच दिसते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. केबलवर सहसा छापलेलं असतं, ते वाचून घ्या. बसत नसेल तर जोर लावू नका.

त्यानंतर मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असताना ती बोर्डच्या पोर्टला जोडली, तर बऱ्याचदा पडदा काळाच राहतो. ती कार्डालाच लावायची. कार्ड घेतलेलंच नसेल, तर प्रोसेसरचं नाव तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असतो, त्याच्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर कार्डाशिवाय चित्र दाखवूच शकत नाही आणि त्यात कुणाचाही बिघाड नसतो.

रॅमच्या बाबतीत घाई नडते. डीडीआर५ रॅमचा पीसी पहिल्यांदा सुरू होताना रॅमचा वेग आणि वेळा जुळवत बसतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर पडद्यावर काहीच येत नाही. अर्ध्या मिनिटाने बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी तो सगळं पहिल्यापासून करतो. पंधरा मिनिटं हात न लावता थांबा, आणि मध्येच लाइट जाण्याची भीती असेल तर यूपीएसवर सुरू करा. तरीही काही झालं नाही, तर एकच रॅम ठेवा. चार स्लॉट असतील तर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, कट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे. हे दिवे बघायचे सोडून लोक एकेक पार्ट बदलत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालणारच, हेही खरं नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ चे पहिले रायझनही बसतात आणि २०२० च्या अखेरीस आलेले ५००० मालिकेतलेही. पण दुकानात पडून असलेल्या बी४५० बोर्डमधलं बायोस जुनं असेल, तर त्याला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. काही बोर्डवर मागे एक बटण असतं, त्याच्या मदतीने पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं.

आता झिणझिण्यांबद्दल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांत चुणचुण होते आणि घरचे म्हणतात, ‘शॉर्ट आहे, एसएमपीएस परत करा.’ एसएमपीएसमध्ये विजेतला ‘नॉइज’ गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते वायरमधला थोडा करंट पत्र्यामार्फत अर्थिंगकडे सोडतात, ही त्यांची रचनाच आहे. घराला अर्थिंग नसेल, तर त्या करंटला वाट मिळत नाही आणि पत्र्यावर २३० च्या निम्मा, साधारण ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून जोराचा झटका न बसता झिणझिण्याच येतात. जुन्या घरांत प्लग पॉइंटला तिसरं भोक दिसतं, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. कुठे एक्स्टेन्शन बोर्डमध्येच ती तुटलेली असते, कुठे मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. पीसी चालू न होण्याचं कारण सहसा हे नसतं, पण म्हणून सोडून देऊ नका. नवा एसएमपीएस आणलात तरी झिणझिण्या येतच राहतील. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जोराचा झटका बसला तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा, कारण तो खरोखरचा शॉर्ट असू शकतो.

पडद्यावर ‘बूट करायला काही सापडलं नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर तुमचा पीसी चालू झालेला आहे. नवी एसएसडी कोरी असते, तिच्यात विंडोज टाकायची राहिली आहे. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, तो पेनड्राइव्ह बूट होण्यासारखा तयार करावा लागतो.

एवढं करूनही काही हाललं नाही, तर प्लग काढून बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा भाग विजेला वाट देऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर, एवढंच जोडा; प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावा. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. आता चालू झाला, तर बोर्डमागे राहून गेलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी लावलेला स्टँडऑफ शॉर्ट करत असावा. नाही झाला, तर कोणता दिवा लागून राहतो त्याचा फोटो काढा आणि संशय असेल तेवढाच पार्ट पुण्याला न्या. बोर्ड न्यायचा असेल आणि त्याच्या सॉकेटमध्ये पिना असतील, तर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण पुन्हा बसवून न्या. त्याखालच्या पिना वाकल्या तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, म्हणून ते झाकण पहिल्या दिवसापासून खोक्यात जपून ठेवा.