नऊची आठवण दहाला

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘आठवण करून दे’ हे बटण बसवायचं म्हणजे दोन दिवसांचं काम, असं वाटतं. घोडं अडतं ते घड्याळापाशी.

समजा, लंडनच्या टीमनं जानेवारीत दर सोमवारी सकाळी ९ ची आठवण लावली आणि प्रोग्रामनं ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, साठवली. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात. दुसऱ्या दिवशी आठवण येते १० वाजता. तोवर बैठक आटोपलेली! म्हणून दर आठवड्याच्या आठवणीसाठी स्थानिक वेळ आणि ‘युरोप/लंडन’ हे वेळक्षेत्राचं नाव जपायचं. यूटीसी दर खेपेला नव्यानं काढायची.

पुण्यातला सहकारी तरीही चक्रावतोच. भारताचं घड्याळ जागचं हलत नाही, पण त्याची दुपारी २.३० ची बैठक १.३० वर येते. ऐन जेवणात.