अतिनील किरण आणि आपले पिण्याचे पाणी



वेल्डिंग करणाऱ्या कामगाराने काच डोळ्यांपुढे धरली नाही, तर रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होते. हे काम न दिसणाऱ्या अतिनील किरणांचे. तेच किरण जंतूंनाही मारतात. सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते, हे 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी इंग्लंडात दाखविले. त्याचे कारण पुढे कळले. सुमारे 254 नॅनोमीटर लांबीच्या लहरींनी जंतूच्या डीएनएतील शेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. मग त्याला आपली प्रत काढता येत नाही आणि त्याचा वंश तेथेच खुंटतो.

1992-93 साली बंगालकडे पटकीची नवी साथ आली. तेव्हा मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत गरिबांच्या वस्तीला परवडेल असे यंत्र तयार केले. उथळ पन्हळीतून पाणी वाहते आणि अतिनील दिवा त्याच्या वर, पाण्याला न लागता जळतो. मिनिटाला सुमारे 15 लिटर पाणी निर्जंतुक होते. वीज लागते जुन्या 60 वॅटच्या बल्बाएवढी.

परंतु प्रकाश सरळ रेषेत जातो. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणाआड लपतात. नळीच्या वळणात बुळबुळीत थर धरून बसलेल्या जंतूंपर्यंतही दिवा पोचत नाही. तेथे उपयोगी पडावेत म्हणून संशोधक प्रकाशतंतू घडवीत आहेत. तंतूत शिरलेला प्रकाश आतल्या कडांवर परावर्तित होत वळणावळणाने पुढे जातो. साधी काच हे किरण गिळून टाकते, म्हणून तंतू शुद्ध सिलिकेचा लागतो. शिवाय प्रकाश केवळ टोकाशी न निघता बाजूंनीही झिरपावा, अशी त्याची रचना करतात. मात्र जसजसे दूर जावे तसतसा प्रकाश क्षीण होतो. त्यामुळे लांब नळ्यांसाठी हा उपाय अजून प्रयोगाचाच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अतिनील किरण पाण्यात मागे काही ठेवीत नाहीत. क्लोरीन मात्र वाटेतही काही काळ राखण करते. नळ अधूनमधून सुटतो, तेथे रिकाम्या नळीत भेगेतून गटाराचे पाणी शिरते. म्हणून क्लोरीन हवेच, आणि भेग सांधणारा कामगारही हवा. नवे यंत्र आले की माणसे कमी करा, असे कोणी म्हणाले तर नागरिकांनी एवढेच विचारावे: फुटलेली नळी कोण सांधणार?