फोटो मोठा करण्याची ऑर्डर घेण्यापूर्वी

लग्नाचे फोटो, दुकानाच्या पाट्या आणि आयतींच्या चौकटी या कामांवर आपल्या समाजातील कित्येक स्टुडिओवाले व फ्रेमवाले गुजराण करतात. गिऱ्हाईक हल्ली मोबाईल पुढे करते व म्हणते, "हा १२ बाय १८ चा करून द्या." काम हातचे जाऊ नये म्हणून आपण होकार देतो, आणि चौकट तयार झाल्यावर फोटो धूसर आला म्हणून पैशांवरून वाद होतो. ऑर्डर घेतानाच पिक्सेल मोजले तर हा वाद टळेल, असे आम्हांस वाटते.

हातात धरून पाहायच्या उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १२ बाय १८ इंचांना ३६०० गुणिले ५४००, म्हणजे १ कोटी ९४ लाखांवर पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेल मोबाईलचा मूळ फोटो सुमारे ४००० बाय ३००० चा असतो. त्याला या मापात इंचाला २२० च्या आसपास पिक्सेल मिळतात. भिंतीवर लांबून पाहायला तेवढे पुरतात. रस्त्यावरच्या फ्लेक्सला तर याहून पुष्कळ कमी चालतात. मात्र तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने आला, की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते आणि इंचाला ९० सुद्धा पडत नाहीत. म्हणून मूळ फाईल मागावी. ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते.

फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिले की काम झाले, असा काहींचा समज आहे. त्याने नवा तपशील येत नाही. आधी दाणे साफ करावेत, मग आकार वाढवावा, आणि धार शेवटी, छपाईच्या मापावर द्यावी. मधल्या प्रती टिफमध्ये ठेवाव्यात. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने खराब होते. चेहऱ्याचा तेवढा तुकडा खऱ्या मापात छापून गिऱ्हाइकाला उजेडात दाखवावा. कागद थोडा जातो, पण पुढची कटकट वाचते.

आता एआयची साधने आली आहेत. ॲडोबीने २०२१ साली आणलेले 'सुपर रेझोल्यूशन' प्रत्येक बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट करते. कापड, दगड, झाडे यांवर अशा साधनांचा निकाल चांगला येतो. पण जे फोटोत नाही ते ही साधने अंदाजाने भरतात. मरहूम वडिलांचा एकच लहान फोटो असेल, तर काही साधने डोळे व ओठ असे घडवतात की चेहरा स्वच्छ दिसतो, पण तो वडिलांचा राहत नाही. तेव्हा लहान आकारच सुचवावा आणि कारण स्पष्ट सांगावे. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे.

अरबी मजकुराच्या बाबतीत तर अंदाज मुळीच नको. बे, ते आणि से यांच्यात फरक केवळ नुक्त्यांचा. एआय साधनाने एखादा नुक्ता पुसला किंवा जेर-जबर जोडून टाकले, तर आयतीचा अर्थच बिघडेल. अशी चौकट मोबाईलच्या फोटोवरून मोठी करू नये. कोरलड्रॉसारख्या व्हेक्टर प्रोग्रॅममध्ये मजकूर नव्याने बसवावा. मग तो कितीही मोठा केला तरी कडा फुटत नाहीत. छापण्यापूर्वी मोहल्ल्यातील हाफिजसाहेबांकडून कच्ची प्रत तपासून घ्यावी.