झेरॉक्स द्यायची की पत्ता?

मुरुम परिसरातले एक शेतकरी पायाच्या जखमेसाठी आमच्या सरकारी रुग्णालयात आले. जुन्या केसपेपरवर 'औषधाची ॲलर्जी नाही' अशी नोंद होती. पेनिसिलिन गटातले इंजेक्शन लिहिण्याआधी सवयीने विचारले, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सायेब, मागं सोलापूरला सुई दिली तवा अंगभर गांधी उठल्या, दम लागला. डॉक्टरांनी कागदावर लिवलंय की!"

तो कागद म्हणजे आमच्याच केसपेपरची झेरॉक्स. ॲलर्जीची नोंद तिच्यावर झाली आणि ती घरच्या पेटीत राहिली. आमच्याकडचा मूळ कागद कोराच. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत जिवावर बेतू शकते.

घरी हे सांगितले तेव्हा संगणक अभियांत्रिकी शिकणारी मुलगी म्हणाली, "बाबा, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासातलं आहे!"

'ऑब्जेक्ट' म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे यांचा एक संच. नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या १९६७ सालच्या 'सिम्युला' भाषेत या कल्पनेचे मूळ आहे. त्यातल्या प्रत्येक कामाला म्हणतात 'मेथड', आणि काम करण्यासाठी तिच्या हाती जे द्यायचे ते 'आर्ग्युमेंट'. प्रश्न असा की, हाती द्यायचे काय?

जावा भाषेत नुसता आकडा दिला, तर त्याची प्रत जाते. समजा, बाळाचे वजन १२ किलो असे मेथडला दिले आणि तिने आत ते १४ केले. बाहेरचे १२ तसेच राहतात. आपली झेरॉक्स ती हीच.

रुग्णाची अख्खी फाइल ऑब्जेक्ट म्हणून दिली, तर मात्र फाइलची प्रत होत नाही. ती कुठे ठेवली आहे, त्या पत्त्याची प्रत जाते. चिठ्ठ्या दोन, पण घर एकच. मेथडने त्या पत्त्यावर जाऊन 'पेनिसिलिन नको' असे लिहिले, की सगळ्यांना ते दिसते. मात्र तिने स्वतःच्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसराच लिहिला, तर आपली चिठ्ठी बदलत नाही. नवशिके इथेच चुकतात.

पत्त्यात धोकाही आहे. एकाने चूक लिहिली तर ती सर्वांपर्यंत पोचते. म्हणून काही ऑब्जेक्ट मुद्दाम न बदलणारे बनवतात. आम्हीही जुनी नोंद पुसत नाही. तारीख घालून नवी लिहितो.

आरोग्य नोंदींचे १४ अंकी 'आभा' खाते साधारण पत्त्यासारखेच काम करते. नोंदी जिथे झाल्या तिथेच राहतात; तुमच्या संमतीने दुसरा डॉक्टर त्या पाहू शकतो. पण त्यासाठी त्या खात्याला जोडलेल्या हव्यात.

तोवर एक करा. दुसरीकडे उपचार झाले, तर तिथला कागद गावच्या डॉक्टरांना दाखवा आणि ॲलर्जी मूळ केसपेपरवर लिहून घ्या. त्या शेतकऱ्यांच्या केसपेपरवर आता लाल शाईत 'पेनिसिलिन देऊ नये' असे लिहिले आहे. जखम दुसऱ्या औषधाने भरली.