मावशींचा रुपया

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचं बीपी मागे अचानक चढलं. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तरी वरचा आकडा 170. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दुखणं पेटीत होतं.

पेटीत होता 1990 सालचा एक रुपया, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा. मालकांच्या पगारातून आलेला, त्यांनी जपून ठेवलेला. नातवाने मोबाईलवर पाहिलं की अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात. समोरच्याने आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग 'टॅक्स'. साडेतीन हजार गेले आणि फोन बंद झाला. मावशींनी ते घरात कुणालाच सांगितलं नाही, रात्रभर कूस बदलत राहिल्या.

आयाबायांनो, अशी फसवणूक खूप चालते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

मावशींचा रुपया मात्र खोटा नाही. तो बाजारात चालावा म्हणूनच काढलेला, पुष्कळ पाडलेला. म्हणून तर तो आपल्यासारख्यांच्या हाती आला! आम्ही त्यांना म्हटलं, विकायचा विचार सोडा, त्याला सोबती शोधू. आता आठवड्यातून एकदा विहाराच्या ओट्यावर पोरं आणि म्हाताऱ्या सुट्टे पैसे घेऊन बसतात. सालाखालची खूण बघतात: चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याची. चष्म्याचा नंबर वाढलाय हे दोघींना तिथेच समजलं.

आम्ही नर्सबाया, आम्हाला आरोग्याची नाणी आवडतात. 1996 चा पाच रुपयांचा शिक्का आहे, आईचं आरोग्य तेच बाळाचं आरोग्य असं सांगणारा. 1990 मध्येच एक रुपयाची आणखी नाणी निघाली, एक मुलींच्या वर्षानिमित्त, एक एकात्मिक बाल विकास योजनेच्या पंधरा वर्षांचं. ही योजना म्हणजे आपली अंगणवाडी, सुरुवात 1975. लसीची पेटी खांद्यावर घेऊन फिरलेल्या बाईला ते नाणं हातात धरताना काय वाटतं, ते दुकानदाराला काय कळणार! 2015 चा बाबासाहेबांचा दहा रुपयेही ओट्यावर आलाय. नाक्यावरचा भाजीवाला दहाची नाणी घेत नाही म्हणून ओरड असते. सगळ्या नक्षीची दहाची नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेने ते स्पष्ट केलंय.

नाणं चिंचेने घासू नका, नक्षी झिजते. हाताळून झालं की साबणाने हात धुवा. आणि डबा लहान पोरांपासून उंच ठेवा. पोराने नाणं गिळलं तर घशात बोटं घालून उलटी काढू नका, केळं-भात चारू नका, लगेच रुग्णालयात न्या, एक्स-रे लागतो. खेळण्यातला गोल चपटा सेल नाण्यासारखाच दिसतो आणि तो अन्ननलिका जाळतो. तिथे तासाभराचाही उशीर नको.

मावशींचा आकडा परवा 138 होता. गोळ्या चालूच आहेत. अंगणवाडीचा रुपया त्यांना अजून मिळालेला नाही. तुमच्या गल्ल्यात असेल तर दाखवायला आणा, त्या बदल्यात रुपयाच देतील.